पदकामागचा माणूस

१९ जुलै १९१९. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं नॉर्दम हे छोटंसं गाव. आजूबाजूला सगळा गव्हाचा मुलूख. पहिलं महायुद्ध थांबलेलं, तीनच आठवड्यांपूर्वी तहावर सह्या झालेल्या आणि त्या दिवशी सगळीकडे 'शांतता दिन' साजरा होत होता. नॉर्दमकरांचा उत्साह तर विचारूच नका. कारण व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा त्यांचाच मुलगा समारंभाला आला होता. कॅप्टन ह्यूगो थ्रॉसेल. वडील गावातले मोठे व्यापारी आणि १९०१ साली काही महिने राज्याचे प्रमुखही झालेले. असा घरंदाज, देखणा, पराक्रमी तरुण बोलायला उभा राहिला. चार शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून सगळे कान टवकारून बसलेले.

ह्यूगोने सांगितलं, की युद्धाने मला समाजवादी बनवलंय. युद्ध किती निरर्थक असतं ते मी पाहून आलोय आणि युद्धातून नफा कमावणारे आहेत तोवर युद्धं होतच राहतील.

सभा गप्प झाली. ज्याला खांद्यावर घ्यायचं ठरलं होतं, त्याच्याकडे कसं बघावं हेच लोकांना कळेना. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक. आपल्याकडच्या परमवीर चक्राच्या तोलामोलाचं. आपल्या मराठी मातीतल्या नाईक यशवंत घाडगेंना दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली इटलीत लढताना, मरणोत्तर हेच पदक मिळालं. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुतळ्याला आपण हार घालतो, कारण पुतळा उलटून काही बोलत नाही. पण पदक मिळवलेला माणूस जिवंत परत आला आणि बोलू लागला तर? आणि बोलला नाही, आतल्या आत झुरत राहिला, तर? मैत्रिणींनो, म्हणूनच आज ही गोष्ट सांगायची आहे. ती ह्यूगोची आहे, तशीच त्याच्या बायकोचीही आहे.

ह्यूगोचा जन्म १८८४चा. मोठ्या खटल्यातला मुलगा. शाळेत असताना फुटबॉलचा कप्तान, मुष्टियुद्धात पहिला. पुढे तो आणि त्याचा भाऊ रिक, दोघांनी मिळून कोरडवाहू मुलखात जमीन घेतली आणि शेती सुरू केली. पाऊस दगा देई. दुष्काळाशी झुंजणं म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यातल्या वा माणदेशातल्या बाईला वेगळं सांगायला नको. १९१४ला युद्ध पेटलं तेव्हा दोघे भाऊ बरोबरच सैन्यात भरती झाले. दहाव्या लाइट हॉर्स रेजिमेंटमध्ये, म्हणजे घोडदळात. घोड्यावर बसणारी ही पोरं पाठवली मात्र गॅलिपोलीला. तुर्कस्तानातला तो डोंगराळ किनारा, तिथे घोडी काय कामाची? ती इजिप्तलाच ठेवली आणि माणसं पायी लढायला खंदकात उतरली.

ह्यूगो ऑगस्ट १९१५च्या सुरुवातीला तिथे पोचला. आणि ७ ऑगस्टला 'नेक' नावाच्या चिंचोळ्या कड्यावरचा तो हल्ला झाला. साधारण सहाशे माणसं चार रांगांमध्ये, एकामागून एक, समोरच्या मशीनगनवर धावत गेली. पहिली रांग क्षणात कोसळली. ते डोळ्यांसमोर दिसत असूनही दुसरी गेली, मग तिसरी. दोनशेहून जास्त पोरं ठार झाली, आणि जागा म्हणाल तर एखाद्या शाळेच्या मैदानाएवढीही नाही. पीटर वीअर यांचा १९८१चा 'गॅलिपोली' हा चित्रपट या हल्ल्यावरच संपतो. ह्यूगो त्यातून वाचला. पण ज्यांच्याबरोबर आदल्या रात्री बोलला होता, त्यातले कितीतरी सकाळी नव्हते.

तीन आठवड्यांनी 'हिल ६०' या टेकडीची लढाई. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. गॅलिपोलीत आपलेही लोक होते. गुरखे, शीख, डोंगरी तोफखान्याचे जवान आणि खेचरांवर पाणी व दारूगोळा वाहून नेणारे, असे सुमारे १६ हजार हिंदी सैनिक तिथे होते. हिल ६०च्या पहिल्या हल्ल्यातही गुरखे होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

२९ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर ह्यूगोच्या तुकडीने तुर्कांच्या खंदकाचा एक तुकडा घेतला आणि तो राखायचा हुकूम झाला. खंदक एकच. त्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, आणि मध्ये वाळूच्या पोत्यांची भिंत. रात्रभर हातबॉम्ब फेकाफेकी चालली. तेव्हाच्या हातबॉम्बची वात काही क्षण जळत राहायची. तेवढ्यात ही पोरं तो बॉम्ब उचलून परत तिकडेच भिरकावत. त्या एका रात्रीत तीन हजारांवर बॉम्ब फेकले गेले. ह्यूगो अनेक ठिकाणी जखमी झाला, चेहरा रक्ताने भरला, तरी जागा सोडेना. धोका टळल्यावर मलमपट्टी करून घेतली आणि पुन्हा जाऊन उभा राहिला. शेवटी डॉक्टरांनी हुकूम देऊन त्याला मागे पाठवलं. या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लंडनच्या इस्पितळात जखमा भरत होत्या, तोच मेंदूज्वराने गाठलं. आणि याच दिवसांत त्याची भेट झाली कॅथरीन सुझॅना प्रिचर्डशी. ही ऑस्ट्रेलियन पत्रकार तेव्हा लंडनमध्ये होती. फिजी बेटांवर जन्मलेली, पत्रकाराची मुलगी, स्वतःच्या लेखणीवर पोट भरणारी. १९१५ साली तिच्या पहिल्या कादंबरीला मोठं बक्षीस मिळालेलं. तिच्या मनातही एक जखम होती. मनाच्या आजाराने पिचलेल्या तिच्या वडिलांनी १९०७ साली आपलं आयुष्य संपवलं होतं. हसरा, धिप्पाड, गप्पिष्ट ह्यूगो तिला आवडला. त्याच्या जवळचे त्याला 'जिम' म्हणत, तीही तेच म्हणू लागली.

पण युद्ध अजून संपलं नव्हतं. बरा झाल्यावर ह्यूगो परत रणांगणावर गेला. या वेळी पॅलेस्टाइनला. १९ एप्रिल १९१७ला गाझाच्या दुसऱ्या लढाईत त्याचा भाऊ रिक मारला गेला. त्या रात्री ह्यूगो गोळीबार चालू असताना सरपटत रणांगणावर गेला. मेलेल्यांत आणि मरणाऱ्यांत भावाला शोधत राहिला. लहानपणी एकमेकांना हाक मारायला दोघे जी शीळ घालत, तीच शीळ तो त्या अंधारात घालत होता. उत्तर आलं नाही.

मला विचाराल तर ह्यूगोच्या सगळ्या कहाणीत ही शीळ माझ्या मनात सर्वात जास्त रुतली. हातबॉम्बच्या रात्रीचं पदक मिळालं. या रात्रीचं कुठलं पदक असणार?

इकडे कॅथरीनचा भाऊ ॲलन १९१६च्या अखेरीस फ्रान्समध्ये मारला गेला होता. अशी दोन पोळलेली माणसं २८ जानेवारी १९१९ला मेलबर्नला रजिस्टर पद्धतीने विवाहबद्ध झाली आणि पर्थजवळच्या ग्रीनमाउंट या डोंगरउतारावरच्या गावात त्यांनी घर केलं. १९२२ला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं रिक. हरवलेल्या भावाचं नाव घरात पुन्हा ऐकू येऊ लागलं.

दिसायला सगळं छान होतं. बाग, घोडे, छोटा मुलगा, लिहिणारी बायको. १९२० साली ऑस्ट्रेलियात कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत कॅथरीन होती. तिच्या कादंबऱ्या गाजत होत्या. 'कूनार्डू' ही तिची १९२९ची कादंबरी एका आदिवासी स्त्रीला मध्यभागी ठेवते. गोऱ्या मालकाच्या घरातली ही बाई आणि तो मालक यांच्यातल्या नात्यावर तिने उघड लिहिलं, तेव्हा केवढा गहजब झाला! ह्यूगो मात्र तिच्या पाठीशी उभा राहिला. त्या काळात, एवढ्या नावाजलेल्या घराण्यातल्या पुरुषाने बायकोच्या लेखनाच्या, तिच्या मतांच्या बाजूने उभं राहावं, ही साधी गोष्ट नव्हती.

पण नॉर्दमच्या त्या भाषणानंतर ओळखीपाळखीची, वजनदार माणसं हळूहळू अंतर ठेवू लागली. ह्यूगो युद्धावरून आलेल्या सैनिकांना जमिनी देणाऱ्या मंडळावर सैनिकांचा प्रतिनिधी होता. जमिनीच्या खरेदी-विक्रीचाही धंदा त्याने करून पाहिला. कर्ज काढून जमिनी घेतल्या. आणि १९२९ची जागतिक मंदी आली. जमिनीचे भाव कोसळले, हप्ते तसेच उभे. हा माणूस खंदकात उभा राहायला शिकला होता, सावकारापुढे उभं राहायला नाही. नवनव्या कल्पना काढायच्या, त्यात पैसा घालायचा आणि आणखी खोलात जायचं, असं सुरू झालं. आपल्या जागेत त्याने घोडेस्वारीच्या खेळांचा मोठा जलसा भरवला. कार्यक्रम रविवारी आणि कायद्याने रविवारी तिकीट लावता येईना. कर्ज वाढलं ते वाढलंच. त्याने म्हणे एकदा व्हिक्टोरिया क्रॉस गहाण ठेवायचाही प्रयत्न केला आणि त्याचे फक्त दहा शिलिंग देऊ केले गेले, असं सांगतात.

हा एकट्या ह्यूगोचा प्रकार नव्हता. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला ऑस्ट्रेलियन अल्बर्ट जॅका. त्याचाही धंदा मंदीत बुडाला आणि जानेवारी १९३२मध्ये वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी तो वारला. त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला व्हिक्टोरिया क्रॉसचे आठ मानकरी होते. मेल्यावर मानाला तोटा नसतो.

१९३३ साली कॅथरीन परदेशी गेली. लंडनला आपल्या बहिणीला भेटायला आणि तिथून सोव्हिएत रशिया बघायला. रशियाहून परतताना ती लंडनला पोचली तेव्हा तिला बातमी कळली. १९ नोव्हेंबर १९३३ला ग्रीनमाउंटच्या घरी ह्यूगोने आपलं आयुष्य संपवलं होतं. वय ४९.

त्याने आपल्या मृत्युपत्राच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा मतलब असा, की १९१४ ते १९१८च्या अनुभवांतून मी कधी सावरलोच नाही. हे ध्यानात घेऊन सरकारने माझ्या बायकोला आणि मुलाला युद्धातल्या मृत्यूचं पेन्शन द्यावं.

युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं हा माणूस हसत होता, पाहुण्यांना चहा पाजत होता, मुलाला घोड्यावर बसवत होता. आणि 'सावरलोच नाही' हे वाक्य त्याने लिहिलं ते शेवटी, आणि तेही बायकापोरांच्या पोटासाठी. त्याला पर्थच्या काराकाटा दफनभूमीत पूर्ण लष्करी इतमामात निरोप दिला गेला.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. नवरा कर्जात बुडत होता आणि बाई रशिया बघायला गेली? आपल्याकडे तर हा प्रश्न चुलीपासून चावडीपर्यंत सगळीकडे विचारला गेला असता. पण कोणी विचारायच्या आधीच तो प्रश्न कॅथरीनने स्वतःला विचारला. जाण्यापूर्वी ती एक कादंबरी लिहीत होती, 'इंटिमेट स्ट्रेंजर्स'. एकमेकांना अनोळखी झालेल्या नवरा-बायकोची कथा. तिच्या कच्च्या खर्ड्यात शेवटी नवरा आपलं जीवन संपवतो. ते कागद घरातच होते. ह्यूगोने ते वाचले असतील का, या विचाराने तिचा पुढे पिच्छाच पुरवला. १९३७ साली कादंबरी छापून आली तेव्हा तिने शेवट बदललेला होता. कागदावरचा शेवट बदलता आला, तेवढाच.

मला मात्र ठामपणे वाटतं, की या गोष्टीत बायकोला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं चूक आहे. तिने रोग दिला नव्हता. रोग गॅलिपोलीच्या खंदकातून आला होता, गाझाच्या त्या रात्रीतून आला होता. वर कर्जाचं ओझं आणि एकटेपण. हा रोग ओळखायला डॉक्टरांकडेसुद्धा तेव्हा धड शब्द नव्हते. युद्धाच्या काळात 'शेल शॉक' म्हणायचे. बऱ्याच जणांना त्यात भित्रेपणाचा वास यायचा. मग ज्याला शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालंय, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं की मला झोप लागत नाही? आघातानंतरच्या या मानसिक आजाराला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा मिळायला १९८० साल उजाडलं.

कॅथरीनच्या पदरात आता कर्ज होतं, ११ वर्षांचा मुलगा होता आणि हातात लेखणी. ती त्याच घरात राहिली. लिहीत राहिली, शांततेच्या चळवळीत वावरत राहिली, टीका आणि पाळत दोन्ही सोसत राहिली. १९६९ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, ग्रीनमाउंटलाच ती गेली. ते घर आज लेखकांचं केंद्र आहे. तिच्याच नावाने चालतं. नव्याने लिहिणारी माणसं तिथे येऊन बसतात.

आणि त्या पदकाचं काय झालं? मुलगा रिक मोठेपणी परराष्ट्र खात्यात अधिकारी झाला, लेखकही झाला. १९८३ साली त्याने वडिलांचा व्हिक्टोरिया क्रॉस अण्वस्त्रविरोधी चळवळीला देऊन टाकला. माजी सैनिकांच्या संघटनेने तो विकत घेतला आणि कॅनबेराच्या युद्धस्मारकाला दिला. मला यात मोठी गंमत वाटते, आणि एक न्यायही. सैनिकाचं पदक सैनिकांकडे परत गेलं, पण जाताजाता शांततेच्या कामी आलं. नॉर्दमला बापाने जे सांगितलं, तेच मुलाने ६४ वर्षांनी आपल्या परीने पुन्हा सांगितलं.

ही सगळी जुनी कहाणी झाली असं कोणी म्हणेल. तसं नाही. ऑस्ट्रेलियात सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या आत्महत्यांची चौकशी करायला २०२१ साली शाही आयोग नेमावा लागला. सप्टेंबर २०२४मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला. १९९७ ते २०२१ या काळात तिथे सेवेतल्या आणि निवृत्त मिळून किमान १,६७७ सैनिकांनी आयुष्य संपवलं. त्याच काळात प्रत्यक्ष कामगिरीवर मारल्या गेलेल्यांच्या वीसपटीहून ही संख्या जास्त आहे. आयोगाने १२२ शिफारशी केल्या. हा आयोग बसावा म्हणून ज्यांनी रस्त्यावर येऊन, खासदारांच्या दारात जाऊन आग्रह धरला, त्यांत आपली मुलं गमावलेल्या आया पुढे होत्या. कॅथरीनच्या काळात जे घराच्या चार भिंतींत दडपलं गेलं, ते या बायांनी चव्हाट्यावर आणलं.

आपल्या सातारा, कोल्हापूर भागात घराआड फौजी असलेली गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. बचत गटांच्या कामानिमित्त माझं फौजींच्या घरांत जाणंयेणं असतं. "आमचे हे रिटायर झाल्यापासून बोलतच नाहीत," "फटाका वाजला की चिडतात," "रात्री उठून ओसरीवर बसतात," अशी वाक्यं बाया सहज, भाजी निवडता निवडता बोलून जातात. वर म्हणतात, "फौजी माणूस, तसाच असायचा." इथेच आपली गफलत होते. तो तसाच नव्हता. तो तसा होऊन आलाय.

मग आपण काय करायचं? डॉक्टर व्हायचं नाही. पण तीन गोष्टी नक्की करता येतात. पहिली, त्याच्या गप्प बसण्याला मिजास किंवा स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नाही. झोप उडणं, दचकणं, माणसांत नको वाटणं, दारू वाढणं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशी भाषा येणं, ही दुखण्याची लक्षणं आहेत. दुसरी, कर्जाचा आकडा घरात लपू द्यायचा नाही. तो एकट्याच्या उरावर राहिला की माणूस दबून जातो, आणि हे फौजींच्याच नाही तर शेतकऱ्यांच्या घरातही आपण पाहिलंय. तिसरी, मदत मागायला लाजायचं नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. आणि सरकारची 'टेली-मानस' ही मोफत फोनसेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते. मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा. घरातल्या माणसासाठी, आणि बाई गं, तुझ्यासाठीसुद्धा. कारण असं माणूस सांभाळणारी बाईही आतून थकत असते, तिला कोणी पदक देत नाही.

येत्या २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर गावातल्या एखाद्या फौजीचा सत्कार होईल. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. ते सगळं जरूर करा, तो त्याचा मान आहे. फक्त समारंभ संपल्यावर कधीतरी त्याच्या घरी जा, त्याच्या बायकोपाशी घटकाभर बसा आणि विचारा, "दादांना झोप लागते का हो, वहिनी?"